अडीच मिनिटांचं गाव

इथे, कॅनडाच्या उत्तरेत, विधानसभेच्या सभागृहात आमच्या आमदारांना रोज निवेदनाला अडीच मिनिटं मिळतात. त्या अडीच मिनिटांत काय बसतं आणि काय नाही, हे बघणं ही माझी नोकरी. ते मजकूर मोठ्याने वाचतात, मी मोबाइलवर वेळ लावून बसते. दोन मिनिटं पन्नास सेकंद झाले की एक वाक्य जातं. बहुतेक वेळा ते मी हौसेने लिहिलेलं वाक्य असतं.

नियमात एक पळवाट आहे. वेळ संपली की सदस्य म्हणू शकतो, ‘अध्यक्ष महोदय, निवेदन पूर्ण करायला सर्वानुमते परवानगी मिळावी.’ कोणी ‘नाही’ म्हटलं नाही तर पुढे बोलता येतं, आणि सहसा कोणी म्हणत नाही. बरेच सदस्य ही परवानगी सर्रास मागतात. आमचे आमदार मागत नाहीत. रोज मागितली तर ज्या दिवशी खरी गरज असेल त्या दिवशी तिला किंमत राहणार नाही, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांच्याकडे लागले तेव्हा हा मला हट्ट वाटला होता.

मी राहते यलोनाइफला, म्हणजे कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजच्या राजधानीत. इथल्या आदिवासींच्या त्लिचो भाषेत या गावाचं नाव सोम्बाके, म्हणजे पैशाची जागा. सोन्याच्या खाणींमुळे पडलेलं. नवऱ्याची नोकरी हिऱ्यांच्या खाणीत, दोन आठवडे तिकडे आणि दोन आठवडे घरी. सगळा प्रदेश महाराष्ट्राच्या चौपटीहून मोठा आणि लोकसंख्या २०२१च्या जनगणनेनुसार सुमारे ४१ हजार. पुण्यातल्या महापालिकेच्या एका प्रभागात याहून जास्त माणसं राहतात. एकूण ३३ वस्त्या. निम्मे लोक एकट्या यलोनाइफमध्ये, उरलेले बत्तीस ठिकाणी विखुरलेले. काही गावांत दीडशेसुद्धा नाहीत. लोकसंख्येत साधारण निम्मे आदिवासी: देने, मेटी आणि इनुव्हियालुइत.

२०२३ची निवडणूक ऑक्टोबरात व्हायची होती. ऑगस्टमध्ये वणवे इतके जवळ आले की अख्खं यलोनाइफ रिकामं करावं लागलं. आम्हीही गाडीत सामान कोंबून दक्षिणेकडे पळालो, सप्टेंबरात परतलो. निवडणूक १४ नोव्हेंबरला झाली. नव्या सदस्यांना सहायक हवे होते, मी अर्ज केला. पदाचं नाव मतदारसंघ सहायक. आपल्याकडच्या भाषेत आमदारांचा पीए, फक्त मागे गाड्यांचा ताफा नाही. मुलाखतीत आमदारांनी एकच खरा प्रश्न विचारला: फोनवर कोणी चिडून बोललं तर किती वेळ ऐकून घेशील? मी म्हटलं, माझं माहेर विदर्भातलं, तिकडे प्रेमानेसुद्धा लोक असंच बोलतात. ते हसले नाहीत, पण नोकरी मिळाली.

मतदारसंघाचं नाव मी इथे देत नाही, गावाचं तर नाहीच. एवढ्याशा वस्तीत गावाचं नाव घेतलं की माणसाचा पत्ताच दिल्यासारखं होतं.

बाबांना फोनवर ही नोकरी समजावताना माझी दमछाक झाली. ‘कोणता पक्ष?’ पक्ष नाही. ‘म्हणजे अपक्ष?’ सगळेच अपक्ष. एकोणीस जण निवडून येतात, एकत्र बसतात, आणि गुप्त मतदानाने आपल्यातूनच अध्यक्ष, मुख्यमंत्री (इथे प्रीमियर म्हणतात) आणि सहा मंत्री निवडतात. उरलेले अकरा साधे सदस्य. म्हणजे मंत्रिमंडळ सात जणांचं आणि समोर अकरा जण. सरकार कायमचंच अल्पमतात. बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘आणि तुमच्या आमदारांना मतं किती पडली?’ मी आकडा सांगितला, काही शेकड्यांतला. ‘आमच्याकडे सरपंच याच्याहून जास्त मतं घेऊन पडतो,’ बाबा म्हणाले. तेव्हापासून घरी आमच्या आमदारांचं नाव ‘तुझे सरपंच’.

या पद्धतीला इथे सहमतीचं सरकार म्हणतात. नाव ऐकून मलाही वाटलं होतं की सगळे गोल बसून चहा पीत निर्णय घेत असतील. गोल बसतात हे खरं. सभागृहच गोल आहे, मध्ये पांढऱ्या अस्वलाचं कातडं अंथरलेलं. पण पक्ष नाही म्हणजे भांडण नाही, असं मुळीच नाही. पक्ष असता तर आपला नेता काय म्हणतो ते बघून हात वर करता आला असता. इथे प्रत्येक मत दर वेळी नव्याने मागावं लागतं. छोट्या गावाच्या माणसाकडे एकोणिसातलं एक मत असतं, तेही मोठ्या शहराच्या सदस्याच्या मताएवढंच. ते कधी द्यायचं आणि कधी अडवून धरायचं, एवढंच त्याच्या हातात.

डिसेंबरात मंत्री निवडायची वेळ आली तेव्हा गावातून फोनांची रीघ लागली: यांनी मंत्री व्हावं. आमदारांनी नाव दिलं नाही. गाव नाराज. त्यांचा हिशेब असा होता, की मंत्री झालो तर एक-दोन खाती हातात येतील, पण सभागृहात उभं राहून प्रश्न विचारता येणार नाही. मंत्रिमंडळाचा निर्णय गावाच्या विरुद्ध गेला तरी तोच गळ्यात बांधून गावी जावं लागेल. गावाला दोन्ही हवं होतं, मंत्रीही आणि भांडणारा माणूसही. मला आजही वाटतं की त्यांनी मंत्रिपदासाठी उभं राहायला हवं होतं. हे मी त्यांना एकदा सांगितलं. ते म्हणाले, तू पुढच्या खेपेला उभी राहा.

पण ज्या कामातून मी ही नोकरी शिकले ते २०२५च्या जानेवारीत सुरू झालं.

अधिवेशनापूर्वी आम्ही गावांचा दौरा करतो. त्या खेपेला ज्या गावी गेलो तिथे हिवाळ्यात दोन-अडीच महिने बर्फावरून रस्ता असतो, एरवी विमान. आम्ही ट्विन ऑटर नावाच्या छोट्या विमानाने गेलो. उणे अडतीस तापमान, नाकात श्वास कुरकुरतो. धावपट्टीवर दोन पिकअप उभ्या. एक आमच्यासाठी, एक दुकानाच्या मालासाठी. दुकानाची गाडी आधी भरली. ते बरोबरच होतं, विमानात केळी होती.

संध्याकाळी हॉलमध्ये बैठक. कॅरिबूचं, म्हणजे इथल्या रानटी रेनडिअरचं सूप, बॅनक नावाची जाडसर भाकरी आणि किटल्या भरून चहा. लोक यावेत म्हणून सोडत ठेवलेली, बक्षीस पेट्रोल. म्हाताऱ्या माणसांना आधी वाढलं, मग प्रार्थना, मग बोलणं. बोलणं म्हणजे काय याची माझी कल्पना तिथे पार बदलली. एक आजोबा उठले, दोन वाक्यं बोलले आणि थांबले. मला वाटलं झालं, म्हणून मी वहीत पुढचा मुद्दा लिहून पुढच्या माणसाकडे बघायला लागले. आमदारांनी माझ्या वहीवर हात ठेवला. अर्धं मिनिट तरी शांतता. मग आजोबा पुढे बोलले, आणि खरी गोष्ट त्या शांततेनंतरच आली. आपल्याकडे कोणी एवढा वेळ गप्प राहिलं तर शेजारचा त्याचं वाक्य पूर्ण करून टाकतो.

त्यांनी बर्गरांची आठवण काढली. मॅकेंझी खोऱ्यातून वायूवाहिनी न्यायची की नाही, याच्या चौकशीसाठी १९७४ ते १९७७ या काळात न्यायमूर्ती थॉमस बर्गर गावोगाव फिरले होते. पस्तीस वस्त्यांमध्ये बसून त्यांनी लोकांचं म्हणणं ऐकलं, लोकांच्या भाषेत, लोकांना हवा तितका वेळ. अहवालात म्हणाले, दहा वर्षं थांबा, आधी जमिनीच्या हक्कांचा निकाल लावा. आजोबा तेव्हा तरुण होते. ते आमदारांना म्हणाले, ‘त्या माणसाने घड्याळ खिशात ठेवलं होतं. तुमच्याकडे किती वेळ असतो?’ आमदारांनी खरं ते सांगितलं. हॉलमध्ये हशा पिकला. अडीच मिनिटं हा त्या रात्रीचा विनोद झाला. कोणी चहा ओतताना जास्त वेळ लावला तरी ‘अडीच मिनिटं!’ असा आवाज यायचा.

तक्रारी नेहमीच्याच होत्या. पाण्याची गाडी वेळेवर येत नाही. इथे नळ नाहीत, जमीन खाली गोठलेली. घरोघरी टाकी असते, ती गाडीने भरायची आणि सांडपाण्याची टाकी दुसऱ्या गाडीने उपसायची. घर गरम ठेवणारी भट्टी बंद पडते आणि दुरुस्तीला माणूस येईपर्यंत घर गोठतं. शेवटी एक बाई जवळ आली आणि म्हणाली, माझ्या आईचं काम आहे, इथे नको, घरी या.

घर छोटं आणि खूप गरम होतं. आजी टेबलाशी बसून मोकॅसिनवर, म्हणजे मऊ कातडी जोड्यावर, मणी शिवत होत्या. झालं होतं असं: आजींना तपासणीसाठी मोठ्या शहरात पाठवलं होतं. एकट्याच. मुलीने सोबत जायची परवानगी मागितली, ती नाकारली गेली. आजी तीन रात्री परक्या ठिकाणी राहिल्या, तपासणी झाली, कशावर तरी सही केली आणि परत आल्या. कशावर सही केली हे त्यांना माहीत नव्हतं. डॉक्टरांनी जे जे विचारलं त्याला त्या ‘येस’ म्हणाल्या होत्या. का, असं मुलीने विचारलं, तर म्हणाल्या, तो मुलगा चांगला होता, त्याला नाही कसं म्हणायचं?

मला एकदम गडचिरोली जिल्ह्यातलं एटापल्ली आठवलं. बाबा तिथे शिक्षक होते. लहानपणी मी तापाने फणफणले होते म्हणून सरकारी दवाखान्याच्या बाकावर बसले होते, तेव्हा पुढे एक माडिया आदिवासी बाई होती. डॉक्टर मराठीत विचारायचे, ती प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणायची. पोट दुखतं का, हो. डोकं दुखतं का, हो. काहीच दुखत नाही का, हो. बाकावरचे लोक हसले होते. मीही हसले होते. ते मी या घरात कोणाला सांगितलं नाही.

मुलीने सोबतीच्या अर्जाची प्रत काढली. दोन पानी फॉर्म. दुसऱ्या पानावर एक ओळ होती: रुग्ण इंग्रजी बोलतो/बोलते, आणि पुढच्या चौकोनात बरोबरची खूण. बस, एवढंच. सोबत नाकारण्याचं सगळं कारण त्या चौकोनात होतं. भाषेची अडचण असेल तर सोबत मिळू शकते, पण कागदावर अडचण नव्हतीच. कोणी तरी आजींना इंग्रजीतच विचारलं असणार, ‘यू स्पीक इंग्लिश?’ आणि आजी म्हणाल्या असणार, येस.

मी कोणाशी बोलण्याआधी आजींच्या संमतीचा कागद लागतो, नाही तर आरोग्य खातं माझ्याशी त्यांच्या आजारपणाबद्दल एक अक्षर बोलत नाही. नियम योग्यच आहे. पण तो कागदही इंग्रजीतच होता. मुलीने त्यांना ओळ न् ओळ समजावली, पाऊण तास लागला. मग आजींनी सुई बाजूला ठेवली आणि सही केली, मिशनऱ्यांच्या काळापासून चालत आलेल्या लिपीत: त्रिकोण, गळासारखे आकडे, एक टिंब. इंग्रजी येते म्हणून खूण केलेल्या बाईची सही.

परत आल्यावर माझ्या अंगात आलं होतं. दुसऱ्याच दिवशी हे सभागृहात मांडायचं म्हणून मी जळजळीत निवेदन लिहिलं. आमदारांनी वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि मला शिडी समजावली. आधी फोन. मग खात्याला पत्र. मग मंत्र्यांना पत्र. मंत्र्यांचं उत्तर आल्यावर, त्या उत्तरात काय नाही ते बघून, सभागृह. पहिल्याच दिवशी सभागृहात गेलं तर मंत्री म्हणतील, सदस्यांनी माझ्याकडे तपशील द्यावा, मी बघतो. आणि अडीच मिनिटं वाया. मी शिडी चढले. फोनवर खूप सभ्य माणसं भेटली. पत्राचं उत्तरही सभ्य होतं: धोरणानुसार निर्णय योग्य आहे. चौकोनाबद्दल एक शब्द नाही.

फेब्रुवारीत अर्थसंकल्पी अधिवेशन सुरू झालं. आता मजकूर लिहायचा, तर नवीनच पेच. आमदारांचा नियम असा की सभागृहात माणसाचं नाव घ्यायचं नाही. पण गाव एवढंसं. ‘एक वृद्ध महिला’ म्हटलं की सगळ्यांना कळणार. ‘माझ्या मतदारसंघातले काही ज्येष्ठ नागरिक’ म्हटलं, तर गोष्टीतला जीवच जातो. मी पाच मसुदे केले. शेवटी आमदारांनी आजींनाच फोन लावला. बराच वेळ बोलणं झालं, त्यांच्या भाषेत. फोन ठेवून मला म्हणाले, ‘सांग म्हणते. पण आपल्या भाषेत सांग म्हणते, म्हणजे मला रेडिओवर समजेल.’

इथे अकरा अधिकृत भाषा आहेत: इंग्रजी, फ्रेंच आणि नऊ आदिवासी भाषा. सभागृहात दुभाष्यांच्या काचेच्या खोल्या आहेत. सदस्य आपल्या भाषेत बोलला की बाकीचे कानाला यंत्र लावून इंग्रजीत ऐकतात. दुभाष्यांना मजकूर आधी द्यावा लागतो. आमदारांच्या भाषेच्या दुभाषी बाई मजकूर घेऊन माझ्याकडे आल्या आणि एका शब्दावर बोट ठेवलं. सोबत जाणाऱ्या माणसासाठी इंग्रजीत जो ‘एस्कॉर्ट’ शब्द आहे, तोच कैद्याबरोबर जाणाऱ्या पोलिसासाठीही वापरतात. ‘आमच्यात हे दोन वेगळे शब्द आहेत,’ त्या म्हणाल्या, ‘राखण करणारा वेगळा, बरोबर असणारा वेगळा. खात्याला कोणता म्हणायचंय?’ मी म्हटलं, आमच्याकडेही वेगळे आहेत: पहारा आणि सोबत. खात्याला कोणता म्हणायचं होतं हे मात्र आम्हा दोघींना ठरवता आलं नाही. त्यांनी दुसरा घेतला.

त्या भाषेत मजकूर लांबला. तीन मिनिटं वीस सेकंद. मी कात्री घेऊन बसले, पण जी भाषा मला येत नाही तिच्यात कापणार काय? आमदार म्हणाले, राहू दे.

दुपारी दीड वाजता कामकाज सुरू होतं. आधी राजदंड आत येतो. त्याच्या दांड्यात तेहतीसही वस्त्यांतून आणलेले खडे भरले आहेत. तो उचलला की आतून पावसासारखा आवाज येतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी वर बघितलं होतं, छतावर पाऊस पडतोय की काय. मी सज्जात बसले. प्रार्थना झाली, मंत्र्यांची निवेदनं झाली, मग आमचा क्रमांक. आमदार उभे राहिले आणि आपल्या भाषेत बोलायला लागले. सगळ्यांचे हात एकाच वेळी कानाकडे गेले. नेहमीचंच दृश्य आहे, त्यात विशेष काही नाही. पण त्या दिवशी मी त्या खात्याच्या मंत्र्यांकडे बघत होते. त्यांचं यंत्र बिघडलं असावं. त्यांनी ते हलवून पाहिलं, मग शेजारच्या सहकाऱ्याकडे वाकून काही विचारलं. शेजारच्याने आपलं यंत्र काढून त्यांना दिलं. मी पुढे घरी हे सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, तू आताच रचलंस. मी रचलं नाही. आमदारांनी ते पाहिलंसुद्धा नव्हतं.

अडीच मिनिटं झाली. आमदार थांबले, इंग्रजीत आले आणि परवानगी मागितली. वर्षभरात पहिल्यांदाच. कोणी ‘नाही’ म्हटलं नाही. अध्यक्षांनी मान हलवली आणि उरलेली पन्नास सेकंदं त्यांनी अगदी सावकाश वापरली, मध्ये एकदा बरंच थांबूनसुद्धा.

प्रश्नोत्तरांत मूळ प्रश्न आणि तीन उपप्रश्न मिळतात. आमदारांनी चारही प्रश्न त्या चौकोनावर खर्च केले. तो कोण भरतं? कोणत्या भाषेत विचारून भरतं? चुकीचा भरला तर दुरुस्त कोण करतं? आणि या फाइलीत तो दुरुस्त होईल का? पहिल्या तिन्हींना उत्तर ‘माहिती घेऊन कळवतो’ असं आलं. चौथ्याला मंत्री म्हणाले, हो. एका शब्दाचं उत्तर. हा ‘हो’ मात्र कामकाजाच्या छापील वृत्तांतात आहे.

धोरणाची लढाई वेगळी, ती समित्यांत आणि अर्थसंकल्पावर चालते. पूर्ण सभागृहाची समिती बसते आणि खातेवार, पानोपान खर्च तपासते. पैसा दोन अब्ज डॉलरच्या वर, त्यातला बहुतेक ऑटवाहून, म्हणजे केंद्र सरकारकडून येतो. अकरा जण एकत्र आले तर एखाद्या खात्याचं पान पुढे ढकलता येतं, आणि मग मंत्रिमंडळाला बोलणी करावी लागतात. इथे आमदार एका खोलीतून दुसरीत फिरत होते. एका सदस्याला मॅकेंझी नदीची काळजी. २०२४ मध्ये पाणी इतकं उतरलं होतं की नॉर्मन वेल्स गावाला मालाच्या बार्ज, म्हणजे सपाट बोटी, पोचल्याच नाहीत. यलोनाइफच्या एकीला शहरातल्या बेघरांसाठी तरतूद हवी होती. आमदारांनी दोघांनाही शब्द दिला, दोघांकडून घेतला. मी कॉरिडॉरमध्ये फायली धरून उभी. शेवटी मिळालं ते आम्ही मागितलेल्यापेक्षा बरंच कमी: धोरणाचा फेरविचार करू, असं पत्र. आमदारांनी अर्थसंकल्पाच्या बाजूने मत दिलं. मी चिडले. त्या पत्रासाठी मत द्यायचं? ते म्हणाले, विरोधात दिलं असतं तर पत्रही नसतं, आणि पुढच्या वर्षी तो यलोनाइफवाल्या बाईंचा शब्दही नसता. मला ते तेव्हा पटलं नाही. आता अर्धवट पटतं.

यात माझा स्वतःचा एक अडचणीचा प्रश्न आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. मी यलोनाइफची मतदार. इथे निम्मी लोकसंख्या आणि एकोणिसातल्या सात जागा. म्हणजे ज्या गावांसाठी मी राबते त्यांचं एक मत माझ्या मतापेक्षा भारी. १९९९ला पूर्वेकडचा भाग नुनावुत म्हणून वेगळा झाल्यावर इथे चौदा जागा उरल्या होत्या. शहरांवर अन्याय होतो म्हणून काही जण कोर्टात गेले आणि जिंकले. मग पाच जागा वाढल्या, तीन यलोनाइफला, एकेक ‘हे रिव्हर’ आणि ‘इनुविक’ या गावांना. दर वेळी सीमा ठरवायचा आयोग बसला की हाच वाद निघतो. गडचिरोलीत तिन्ही मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. इथे राखीव जागा हा प्रकारच नाही. गावांचं वजन आहे ते फक्त या असमान आकड्यांमुळे. समान मताचं तत्त्व मला शाळेपासून पाठ आहे आणि नागरिकशास्त्र शिकवणाऱ्याची मी मुलगी. तरी आमच्या मतदारसंघात चार गावांची मिळून एक जागा बघते, कुठल्याही दोन गावांत वर्षभर चालणारा रस्ता नाही हे बघते, आणि माझं मत थोडं हलकं राहिलं तर चालेल असं वाटतं. शेजारच्या माझ्या मैत्रिणीला चालत नाही. तिचंही चूक नाही.

फाइल दुरुस्त झाली. मार्चमध्ये मंत्र्यांच्या कार्यालयातून चार ओळींचं पत्र आलं: रुग्णाची भाषा अमुक, पुढील प्रवासात सोबत मंजूर. धोरणाचा फेरविचार अजून चालूच आहे. दर अधिवेशनात आम्ही त्याची तारीख विचारतो.

आजींची पुढची तपासणी एप्रिलमध्ये होती. मुलगी बरोबर जाणार होती. निघायच्या दिवशी हिमवादळ, विमान रद्द. मंजुरी तारखेची असते, त्यामुळे नवीन मंजुरी, नवीन फॉर्म. मी पुन्हा तो दोन पानी कागद भरला. चौकोनापाशी आले तेव्हा पेन जरा जास्तच दाबून ‘नाही’वर खूण केली, इतकी की मागच्या पानावर उमटली.

शुक्रवारी संध्याकाळी फोन आला. मुलीचा नंबर, पण आवाज आजींचा. त्या त्यांच्या भाषेत बोलत राहिल्या. मध्येच थांबायच्या. मी आता थांबायला शिकले होते, गप्प बसले. पुन्हा बोलायच्या. सवयीने माझी नजर घड्याळाकडे गेली. सात मिनिटं होऊन गेली होती. मग मुलगी फोनवर आली.

‘काय म्हणतात?’ मी विचारलं.

‘म्हणते, पाण्याची गाडी दोन दिवस आलेली नाही.’

‘एवढंच?’

‘नाही. पण बाकीचं तुझ्या कामाचं नाही.’